थांबायचं कुणी आणि कधी? : सुहास पाटील यांचा संगणकशास्त्राकडून उद्योगाकडे प्रवास

(चामटोली येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तेवढा तसाच ठेवला आहे.)



आज रविवार असूनही एवढी माणसं जमली, याचा आनंद आहे. एरवी बदलापूर आणि वांगणीच्या मधल्या या पट्ट्यातल्या माणसाला रविवार म्हणजे लोकल न पकडण्याचा दिवस. सोमवार ते शनिवार आपलं अर्धं आयुष्य थांबण्यात जातं. गाडीसाठी थांबायचं, सिग्नलसाठी थांबायचं, मेल-एक्सप्रेस पुढे काढायची म्हणून आपली लोकल बाजूला थांबायची. आज मी ज्या माणसाबद्दल बोलणार आहे, त्यानं आपली विद्वत्ता नेमकी या एका प्रश्नावर खर्च केली : अनेक जण एकाच वेळी काम करत असतील, तर थांबायचं कुणी, कधी आणि कुणाच्या सांगण्यावरून?

त्यांचं नाव सुहास पाटील. ‘सिरस लॉजिक’ या चिप बनवणाऱ्या कंपनीचे संस्थापक. ‘बनवणाऱ्या’ हा शब्द मी मुद्दाम वापरला, आणि तो किती चुकीचा आहे हे पुढे सांगतो. तुमच्यापैकी ज्यांनी १९९५-९६ च्या सुमारास घरात किंवा ऑफिसात पहिला कॉम्प्युटर आणला, त्यांच्यातल्या पुष्कळांच्या पडद्यावर जे चित्र उमटत होतं ते सिरस लॉजिकच्या चिपमधून उमटत होतं. आपण ते नाव वाचलं असेल आणि विसरलोही असू.

त्यांच्याबद्दल मराठीत फार कमी लिहिलं गेलंय. जे लिहिलंय त्यात ‘अमेरिकेत नाव काढलेला पाटील’ एवढंच येतं. ते खरंय, पण त्यातून कळत काहीच नाही. मला त्यांची गोष्ट एका वेगळ्या कारणासाठी सांगायची आहे. आपल्याकडे एक समज आहे : पुस्तकी माणूस धंदा करू शकत नाही आणि धंदेवाल्याला पुस्तकाची गरज नाही. ही समजूत या एका आयुष्याला लावून बघू. काय टिकतं, काय टिकत नाही, ते शेवटी तुम्हीच ठरवा.

टाटानगर ते खरगपूर

पाटील यांचा जन्म १९४४ चा, जमशेदपूरचा. कल्याणला हावडा मेल थांबते ना, ती ज्या मार्गानं जाते त्याच मार्गावर नागपूर सोडून बरंच पुढे गेलं की टाटानगर लागतं. तेच जमशेदपूर. पोलादाचं गाव. कारखान्याच्या भोंग्यावर दिवस चालणारं. अंबरनाथकरांना हे समजावून सांगायला नको. ऑर्डनन्स फॅक्टरी आणि विमकोच्या भोंग्यावर इथल्या दोन-तीन पिढ्यांनी घड्याळं लावलीत.

त्याच रुळांवर आणखी पुढे खरगपूर. १९५१ साली देशातली पहिली आयआयटी तिथे सुरू झाली, आणि कुठे सुरू झाली? हिजलीच्या बंदिवासात. जिथे इंग्रजांनी स्वातंत्र्यसैनिकांना डांबलं होतं, जिथे १९३१ मध्ये गोळीबारात दोन राजबंदी मारले गेले, त्याच इमारतीत स्वतंत्र भारतानं आपले इंजिनिअर घडवायला घेतले. पाटील तिथून १९६५ साली इलेक्ट्रॉनिक्स आणि विद्युत संदेशवहन या विषयात बी.टेक. झाले.

१९६५ हे साल लक्षात ठेवा. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेनं आपला स्थलांतराचा कायदा बदलला. देशवार कोटा गेला आणि शिकलेल्या आशियाई माणसाला तिथे राहण्याचं दार उघडलं. म्हणजे इकडे आयआयटीच्या पहिल्या तुकड्या बाहेर पडत होत्या आणि तिकडे दार उघडत होतं. हुशारी माणसाची, पण वेळ इतिहासाची. चरित्र सांगताना आपण हुशारीबद्दल भरभरून बोलतो आणि वेळेचा उल्लेख विसरतो.

पाटील बोस्टनजवळच्या एमआयटीत गेले. १९६७ मध्ये मास्टर्स, १९७० मध्ये डॉक्टरेट.

प्रोजेक्ट मॅक आणि तीन विडीबहाद्दर

एमआयटीत त्या वेळी ‘प्रोजेक्ट मॅक’ चालू होता. १९६३ मध्ये सुरू झालेला. त्या काळी कॉम्प्युटर म्हणजे खोलीभर यंत्र, आणि त्यावर एका वेळी एकाच माणसाचं काम चालायचं. बाकीचे रांगेत. प्रोजेक्ट मॅकचा उद्देश होता की एकच यंत्र एकाच वेळी अनेकांनी वापरावं. ऐकायला सोपं आहे. पण अनेक जण आले की भांडण आलं. दोघांना एकच प्रिंटर हवा, दोघांना एकाच जागी लिहायचंय. मग आधी कोण?

यावर एडस्गर डाइक्स्ट्रा या डच संगणकशास्त्रज्ञानं १९६५ च्या सुमारास एक युक्ती मांडली. तिचं नाव ‘सेमाफोर’. हे नाव रेल्वेतून आलेलं आहे. पूर्वी स्टेशनाबाहेर खांबावर हात असलेले सिग्नल असायचे. हात आडवा असला की थांबा. त्याला सेमाफोर म्हणतात. खोपोलीकडे जाणारी एकेरी लाइन डोळ्यांसमोर आणा. एका वेळी एकच गाडी आत. ती बाहेर आली की दुसरीला परवानगी. डाइक्स्ट्रानं हेच प्रोग्रॅमच्या जगात आणलं : एक आकडा ठेवायचा, आत जाताना तो कमी करायचा, बाहेर येताना वाढवायचा, शून्य असेल तर थांबायचं.

आता पाटील यांनी काय केलं बघा. त्यांनी विचारलं की ही युक्ती सगळीकडे पुरते का? आणि १९७१ मध्ये त्यांनी एक कोडं मांडलं, ते आजही जगभरच्या कॉम्प्युटरच्या वर्गांत शिकवलं जातं. त्याला ‘सिगारेट ओढणाऱ्यांचं कोडं’ म्हणतात. आपल्या अंबरनाथला काडेपेटीचा कारखाना होता, त्यामुळे हे कोडं आपल्याला जवळचं वाटावं.

एका टेबलाभोवती तिघं बसलेत. सिगारेट वळून ओढायला तीन गोष्टी लागतात : तंबाखू, कागद आणि काडेपेटी. एकाकडे फक्त तंबाखू आहे, पण भरपूर. दुसऱ्याकडे फक्त कागद. तिसऱ्याकडे फक्त काडेपेट्या. चौथा एक वाटप करणारा आहे, त्याच्याकडे तिन्ही गोष्टी आहेत. तो कोणत्याही दोन वस्तू टेबलावर ठेवतो. ज्याच्याकडे उरलेली तिसरी वस्तू आहे त्यानं त्या दोन उचलायच्या, सिगारेट वळायची, ओढायची, आणि झालं की सांगायचं. मग वाटप करणारा पुढच्या दोन ठेवणार.

यात अवघड काय? समजा टेबलावर तंबाखू आणि कागद आला. ओढायची पाळी काडेपेटीवाल्याची. पण कागदवाल्यालाही तंबाखू हवाच आहे. त्यानं झटकन तंबाखू उचलला आणि आता तो काडेपेटीची वाट बघत बसला. काडेपेटीवाल्याच्या हाती नुसता कागद लागला, तो तंबाखूची वाट बघतोय. वाटप करणारा कुणीतरी ओढून संपवण्याची वाट बघतोय. सगळे थांबलेत. कायमचे. (हशा) कुणाचीही चूक नाही, प्रत्येकानं नियम पाळलाय, आणि काम मात्र ठप्प. सरकारी कचेरीत ज्यांनी तीन टेबलांवरून फाइल फिरताना पाहिली आहे त्यांना यात नवल वाटणार नाही.

पाटील यांचं म्हणणं असं होतं की वाटप करणाऱ्याला हात लावायचा नाही आणि ‘असं असेल तर तसं कर’ अशी अट घालायची नाही, तर नुसत्या सेमाफोरनं हे कोडं सुटत नाही. म्हणजे युक्ती अपुरी आहे.

पण मी तुम्हाला अर्धीच गोष्ट सांगितली तर तो अप्रामाणिकपणा होईल. १९७५ मध्ये डेव्हिड पार्नास या दुसऱ्या मोठ्या संगणकशास्त्रज्ञानं दाखवून दिलं की सेमाफोरची रांग, म्हणजे एकाऐवजी क्रमानं मांडलेले अनेक सेमाफोर, वापरायची मुभा दिली तर अट न घालताही हे कोडं सुटतं. पाटील यांनी घातलेली बंधनंच जास्त कडक होती, असं त्याचं म्हणणं. थोडक्यात, पाटील यांचा निष्कर्ष वादग्रस्त ठरला, पण प्रश्न अमर झाला. पन्नास वर्षांनंतरही विद्यार्थी तोच सोडवतात. शास्त्रात कधीकधी असं होतं. उत्तर मोडीत निघतं आणि प्रश्न टिकतो. पाटील यांच्या आयुष्यात हे आणखी एकदा होणार आहे.

घड्याळाशिवाय चालणारं यंत्र

त्यांचा डॉक्टरेटचा विषयही याच घरातला होता. आपल्या कॉम्प्युटरच्या आत एक ठोका चालू असतो. सगळे भाग त्या ठोक्यावर एकदम हलतात. टाइमटेबलसारखं. ८.०५ म्हणजे ८.०५. यात अडचण अशी की सगळ्यात हळू भागाला जेवढा वेळ लागतो तेवढा ठोका लांबवावा लागतो. दुसरी पद्धत म्हणजे ठोकाच नको. एकानं काम संपवलं की शेजाऱ्याला सांगायचं ‘माझं झालं’, मग शेजाऱ्यानं सुरू करायचं. एका स्टेशनमास्तरनं पुढच्या स्टेशनला फोन करून ‘लाइन मोकळी आहे का’ विचारावं आणि मगच गाडी सोडावी, तसं. या पद्धतीला असमकालिक म्हणतात. पाटील यांनी ही देवाणघेवाण कागदावर कशी मांडायची आणि मांडलेल्या आकृतीवरून थेट विद्युतमंडल कसं उभं करायचं, यावर काम केलं. जर्मन गणितज्ञ कार्ल आडाम पेट्री यांच्या आकृत्या, ज्यांना पेट्री नेट म्हणतात, त्या त्यांनी यासाठी वापरल्या.

यातली मधली पायरी नीट धरून ठेवा, कारण पुढचा सगळा उद्योग या एका पायरीवर उभा आहे : विचार एका कागदावर नीट मांडला, तर त्या कागदावरूनच वस्तू तयार करता आली पाहिजे. विचार करणारा वेगळा आणि वस्तू घडवणारा वेगळा असला तरी चालेल, पण मधला कागद चोख हवा.

डॉक्टरेटनंतर ते एमआयटीतच शिकवू लागले. १९७५ मध्ये मात्र ते युटा विद्यापीठात गेले.

युटाची हवा

आता तुम्ही म्हणाल, एमआयटी सोडून युटा? मिठाच्या सरोवराकाठचं, डोंगरातलं गाव? पण त्या काळी युटाचा संगणकशास्त्र विभाग फार वेगळा होता. डेव्हिड इव्हान्स यांनी तो उभारला होता, आयव्हन सदरलँड तिथे होऊन गेले होते. १९६९ मध्ये आजच्या इंटरनेटचा पूर्वज असलेलं अर्पानेट सुरू झालं, तेव्हा त्याच्या पहिल्या चार ठाण्यांपैकी एक युटा होतं. आणि मुख्य म्हणजे तिथल्या प्राध्यापकांना कंपनी काढण्याचं वावडं नव्हतं. इव्हान्स आणि सदरलँड यांनी १९६८ मध्येच दोघांच्या नावानं कंपनी काढली होती. तिथून शिकून गेलेल्यांत पुढे अ‍ॅडोबी काढणारे जॉन वॉर्नॉक, सिलिकॉन ग्राफिक्स काढणारे जिम क्लार्क आणि पिक्सारचे एड कॅटमल अशी माणसं आहेत.

कंपनी काढायला भांडवल लागतं, कल्पना लागते, हे आपल्याला माहीत असतं. पण शेजारच्या खोलीतल्या माणसानं काढलेली असावी लागते, हे आपण धरत नाही. मुलगा नोकरीच करतो, कारण बापानं, काकानं, शेजाऱ्यानं नोकरीच केलेली असते. त्यात त्याचा भित्रेपणा नसतो, त्याला दुसरं काही दिसलेलंच नसतं. उल्हासनगरच्या मुलाला धंदा वेगळा शिकवावा लागत नाही. फाळणीनंतर निर्वासित म्हणून आलेल्या त्याच्या आजोबांनी छावणीच्या बराकीत दुकान मांडलं होतं, तो ते बघत मोठा झाला. शेजार हे एक विद्यापीठ असतं.

युटात पाटील एका कल्पनेवर काम करत होते. चिपवरची रचना तेव्हा हातानं काढावी लागायची. हजारो बारीक भाग, एकेक रेष. महिनेच्या महिने जायचे. पाटील यांनी एक चौकटींचा तक्ता कल्पिला. कुठल्या चौकटीत कोणतं चिन्ह, एवढं ठरवलं की तर्क तयार होणार. त्याच तक्त्यात स्मरणाच्या पेशीही बसवायच्या. रांगोळीचे ठिपके आधी मांडलेले असतात, आपण फक्त कोणते जोडायचे ते ठरवतो, तसं. आणि या तक्त्यावरून चिपचा नकाशा जवळजवळ आपोआप निघणार. १९७९ मध्ये टेरी वेल्च यांच्यासह त्यांनी यावर शोधनिबंध लिहिला. परत तीच गोष्ट, कागदावरून थेट वस्तू.

पाटील सिस्टिम्स ते सिरस लॉजिक

१९८१ मध्ये सॉल्ट लेक सिटीत त्यांनी कंपनी काढली. नाव, पाटील सिस्टिम्स. वय ३७. हातात प्राध्यापकी होती. अमेरिकेतसुद्धा प्राध्यापकी सोडणं ही साधी गोष्ट नाही.

१९८४ मध्ये कंपनी कॅलिफोर्नियात, सिलिकॉन व्हॅलीत हलली आणि तिचं नाव सिरस लॉजिक झालं. सिरस म्हणजे आभाळात फार उंचावर दिसणारे ते पिसासारखे पातळ ढग. नावातून ‘पाटील’ गेलं. त्यानंतर त्यांनी आणखी एक गोष्ट केली, ती मला त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी वाटते. १९८५ मध्ये त्यांनी मायकेल हॅकवर्थ यांना कंपनी चालवायला आणलं. हॅकवर्थ सिग्नेटिक्ससारख्या चिप कंपनीत मोठ्या हुद्द्यावर राहिलेले, बाजार ओळखणारे. पाटील संचालक मंडळाच्या अध्यक्षपदी आणि तंत्रज्ञानाच्या बाजूला राहिले.

आपण काढलेली कंपनी, आपली कल्पना, आणि रोजचा कारभार दुसऱ्याच्या हाती. किती जणांना जमतं? आपल्याकडे साधी सोसायटीची कमिटी सोडवत नाही. (हशा) ज्या माणसानं उमेदीची दहा-बारा वर्षं ‘कुणी कुणासाठी थांबायचं’ यावर विचार केला, त्याला हे जमलं. हा योगायोग आहे की नाही, मी सांगू शकत नाही. पण गोष्ट दिसते ती अशी.

आता सुरुवातीला मी म्हटलं होतं की ‘चिप बनवणारी कंपनी’ हा शब्द चुकीचा आहे. सिरस लॉजिक चिप बनवतच नव्हती. तिच्याकडे कारखाना नव्हता. ती फक्त रचना करायची. कारखाना ज्यांच्याकडे आहे आणि ज्यांच्या यंत्रांना काम कमी आहे, अशा दुसऱ्या कंपन्यांकडून माल बनवून घ्यायची. आज हे अगदी सर्वमान्य आहे. तैवानची टीएसएमसी म्हणजे जगासाठी चिप बनवून देणारा कारखाना, आणि तिच्या जिवावर जगातल्या मोठ्या मोठ्या कंपन्या विनाकारखाना चालतात. पण टीएसएमसीची स्थापना १९८७ ची. सिरस लॉजिक त्याआधीची. तेव्हा लोक म्हणत, कारखाना नाही ती कसली चिप कंपनी?

अंबरनाथ-बदलापूरच्या एमआयडीसीत ज्यांनी जॉबवर्क केलंय त्यांना हा धंदा उलट्या बाजूनं माहीत आहे. ड्रॉइंग दुसऱ्याचं, मशीन आपलं. आणि नफ्याचा मोठा वाटा कुणाचा, हेही तुम्हाला माहीत आहे. ज्याचं ड्रॉइंग त्याचा. पाटील ड्रॉइंगच्या बाजूला उभे राहिले.

पहिला मोठा माल होता हार्ड डिस्क चालवणारी चिप. १९८३ मध्ये आयबीएमचा पीसी-एक्सटी दहा मेगाबाइटची हार्ड डिस्क घेऊन आला आणि एकदम सगळ्यांना हार्ड डिस्क हवी झाली. ती चालवायला तेव्हा अख्खं कार्ड लागायचं, त्याचं काम थोड्या चिपांत बसवलं तर ड्राइव्ह लहान आणि स्वस्त. ज्याची रचना लवकर तयार, त्याला ऑर्डर. इथे पाटील यांचा तक्ता कामाला आला. त्यानंतर पडद्यावरच्या चित्राच्या चिपा, मोडेमच्या चिपा. जून १९८९ मध्ये कंपनीचे शेअर बाजारात आले. १९९१ मध्ये ऑस्टिनची क्रिस्टल सेमीकंडक्टर ही आवाजाच्या चिपांतली कंपनी त्यांनी विकत घेतली. मार्च १९९६ ला संपलेल्या वर्षात विक्री एक अब्ज डॉलरच्या पुढे गेली.

घसरण

इथे थांबलो असतो तर ही यशोगाथा झाली असती, आणि अशा यशोगाथा तुम्ही पुष्कळ ऐकल्या आहेत.

१९९३ नंतर जगात पीसीची मागणी एवढी वाढली की चिप बनवणाऱ्या कारखान्यांवर रांगा लागल्या. रचना तयार, ऑर्डर हातात, पण कारखाना म्हणतो थांबा. विनाकारखाना कंपनीचा हाच कच्चा दुवा. तेव्हा सिरस लॉजिकनं ठरवलं की आपल्यालाही कारखान्यात वाटा हवा. आयबीएमबरोबर मायक्रस नावाची भागीदारी झाली, एटी अँड टीच्या, म्हणजे पुढे ल्युसेंट झालेल्या कंपनीबरोबर सिरेंट नावाची. नवीन चिप कारखान्याला तेव्हा एक अब्ज डॉलरच्या आसपास खर्च यायचा. त्यात वाटा म्हणजे केवढा बोजा!

आणि १९९६ मध्ये हवा फिरली. कारखाने जास्त झाले, मागणी मंदावली. चित्राच्या चिपांत त्रिमितीचं युग आलं आणि दुसऱ्या कंपन्या पुढे निघून गेल्या. आता सिरसकडे कारखान्याचा वाटा होता आणि त्यात बनवायला पुरेसा माल नव्हता. कंपनी तोट्यात गेली, माणसं कमी करावी लागली. अखेर १९९९ मध्ये तिनं दोन्ही भागीदाऱ्यांतून अंग काढून घेतलं आणि त्यासाठी मोठी किंमत मोजली. त्याच वर्षी हॅकवर्थ यांच्या जागी नवा मुख्य अधिकारी आला. पाटीलही त्याआधी अध्यक्षपदावरून बाजूला झाले होते.

हा निर्णय एकट्या पाटील यांचा नव्हता, कारभार हॅकवर्थ बघत होते. म्हणून दोष कुणा एकाच्या माथी मारणं बरोबर नाही. पण मला यात ते सिगारेटचं कोडं दिसतं. प्रत्येकानं शहाणपणानंच वागलं. माल मिळत नाही म्हणून कारखान्याचा वाटा घेतला, हे शहाणपणच. पण बाजारातल्या बाकीच्यांनीही तेच शहाणपण केलं, सगळ्यांनी एकदम क्षमता वाढवली आणि सगळे अडकले. एकेकट्याचं शहाणपण एकत्र आलं की वेडेपणा होऊ शकतो. हे १९७१ मध्ये टेबलावर मांडून दाखवणाऱ्या माणसाच्या कंपनीलाही ते चुकवता आलं नाही. ज्ञान असणं आणि वेळेवर ते वापरता येणं, यात अंतर असतं.

कंपनी मात्र मेली नाही. ती ऑस्टिनला गेली, आवाजाच्या चिपांपुरती लहान झाली आणि पुढे स्मार्टफोनच्या लाटेवर पुन्हा उभी राहिली. अ‍ॅपल तिचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. पाटील यांच्या मूळ तक्त्याची पद्धत जगानं उचलली नाही, चिप रचनेत वेगळ्या पद्धती जिंकल्या. पण रचना एकीकडे आणि कारखाना दुसरीकडे, ही मांडणी आज सगळं जग वापरतं. मघाशी म्हटलं होतं ना, उत्तर मोडीत निघतं आणि प्रश्न टिकतो, ते हे दुसऱ्यांदा.

विमान लेट झालं म्हणून

आता एक शेवटचा प्रसंग. १९९२ साल. सिलिकॉन व्हॅलीतले भारतीय उपखंडातून आलेले काही उद्योजक एका ठिकाणी जमले होते. भारतातून एक सरकारी पाहुणे येणार होते. त्यांचं विमान लेट झालं. ही मंडळी वाट बघत बसली, आणि बसल्या बसल्या आपापसात बोलू लागली. तोवर यातले कित्येक एकमेकांना नीट ओळखतही नव्हते. प्रत्येकाला आठवत होतं की कंपनी काढताना विचारायला कुणी नव्हतं. त्या थांबण्यातून ‘टाय’ ही संस्था जन्मली. सिंधू खोऱ्यावरून नाव, म्हणून भारत, पाकिस्तान, बांगलादेश सगळेच तिच्यात. पाटील, प्रभू गोयल, कंवल रेखी ही तिच्या सुरुवातीच्या कर्त्यांतली नावं. मोठ्या उद्योजकानं नवख्याला वेळ द्यायचा, अडलं तर सांगायचं, हे तिचं मुख्य काम. आज तिच्या शाखा जगभर आहेत, मुंबई-पुण्यातही आहेत. शेजार हे विद्यापीठ असतं असं मी म्हटलं. ज्यांना तसा शेजार नाही त्यांच्यासाठी या लोकांनी तो तयार केला.

प्रश्नोत्तरांतून

*प्रश्न : हे सगळं अमेरिकेत घडलं. आमच्या मुलांनी बदलापुरात राहून काय करावं?*

रास्त प्रश्न आहे. १९८१ मध्ये भारतात राहून पाटील यांना हे करता आलं नसतं, असंच मला वाटतं. साधा कॉम्प्युटर आयात करायला परवाने लागायचे. पण त्यांच्याच आयआयटीतून १९८४ मध्ये बाहेर पडलेले आनंद देशपांडे बघा. अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात डेटाबेस या विषयात डॉक्टरेट केली, ह्युलेट-पॅकार्डच्या प्रयोगशाळेत काम केलं आणि १९९० मध्ये पुण्यात पर्सिस्टंट सिस्टिम्स सुरू केली. २०१० मध्ये तिचे शेअर बाजारात आले. तेही अभ्यासकच, तेही उद्योजकच. दोघांच्या पदव्यांमध्ये जेमतेम वीस वर्षांचं अंतर आहे. तेवढ्यात परत येणं शक्य झालं होतं. आता तर जायलाच हवं असंही नाही. पण एक अट दोघांनाही लागू होती : आधी एका विषयात खोल उतरले, मग दुकान मांडलं.

*प्रश्न : म्हणजे पुस्तकी माणूस धंदा करू शकतो, असं तुमचं म्हणणं?*

करू शकतो, पण त्याला दोन गोष्टी कराव्या लागतात. आपल्या पुस्तकातला प्रश्न बाजारात कुठे उभा आहे ते ओळखावं लागतं. पाटील यांना ते ओळखता आलं, कारण रचना हातानं करण्यात महिने जात होते. आणि आपल्याला जे येत नाही ते ज्याला येतं त्याच्यासाठी खुर्ची रिकामी करावी लागते. पहिली गोष्ट हुशारीची आहे, ती आपल्या मुलांकडे आहे. दुसरी स्वभावाची आहे. ती शिकवायला आपल्याकडे वर्ग नाही. तीन माणसं भागीदारीत दुकान काढतात आणि दोन वर्षांत तीन दुकानं होतात, हे आपण बदलापूरच्या बाजारात बघतोच.

मंडळी, बरोबर पावणेआठ झाले. परतीची गाडी ज्यांना पकडायची आहे त्यांनी निघावं. आणि ती लेट असली, तर प्लॅटफॉर्मवर शेजारी उभ्या असलेल्या माणसाशी बोला. काय ठाऊक, त्यातून काही उभं राहील.